गुरुवारचा पिक्चर

पिक्चर बघून मी जितकी चिडले आहे, तितकी माणसांवरही कधी चिडले नसेन. तरी एक गुरुवार चुकवला नाही. आई म्हणायची, "येवढा जिवाला तरास हुतो तर जाती कशाला मरायला?" तिला काय सांगणार? ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड तरी बघायला हवं.

गुरुवार अशासाठी, की आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी गुरुवारची. पुण्याला रविवार, पिंपरी-भोसरीला गुरुवार. सगळे कारखाने एकदम चालले तर वीज पुरायची नाही, म्हणून आमचा वार कुणीतरी कागदावर बदलून टाकला. धाकट्या भावाची शाळा रविवारी बंद, वडील आणि मी गुरुवारी घरी. पाहुणे रविवारी यायचे तेव्हा आम्ही कामावर, आणि आम्ही गुरुवारी कुणाकडे जावं तर ते कामावर. त्यामुळे पुण्याच्या लोकांशी आमचं बोलणं असं कधी व्हायचंच नाही. आम्ही आपसातच बोलायचो, आणि ते म्हणजे पिक्चरबद्दल.

दापोडी आणि कासारवाडीच्या मधे, रुळांना लागून एक मोकळं मैदान होतं. तिथं तंबूचं टॉकीज होतं. पुण्यात महिनोन्‌महिने चालून, झिजून, पडद्यावर उभ्या रेघा पडू लागल्या की पिक्चर आमच्याकडे यायचा. शुक्रवारी लागायचा, गुरुवारी उतरायचा, आणि आमची सगळी गल्ली जायची ती गुरुवारीच. म्हणजे आधीच शिळा, आणि त्यातही आमच्या वाट्याला खरवड. मधे कनात, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. बसायला घरून पोतं न्यायचं. ऐन मोक्याच्या वेळी रेल्वे जायची आणि हिरो काय बोलला ते हिरोइनला कळायचं, आम्हाला नाही. गुरुवारी पिक्चर मधूनमधून उड्याही मारायचा. दोघं पहिल्यांदा भेटली म्हणावं तोवर पाळणा हलत असायचा. त्याची कुणी तक्रार केली नाही. "रीळ तुटलं आसंल," म्हणायचं आणि शेंगा फोडायच्या.

शेवटी मात्र न चुकता एक पाटी यायची. गुलाबी कमळ, आणि खाली 'समाप्त'. हिंदी असो की मराठी, मारामारीचा असो की रडायचा, कमळ तेच. कमळ दिसलं की बाया उठायच्या. आम्ही अंधारात चपला शोधत असतानाच पिक्चरची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून टॉकीजचा माणूस स्टेशनकडे सुटलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तोच पिक्चर पुढच्या गावी लागायचा असे, त्यामुळे रात्रीची गाडी चुकून चालत नसे. आमची चप्पल सापडेपर्यंत आमचा पिक्चर गाडीत चढलेला असायचा.

मी पिंपरीला औषधाच्या कंपनीत होते. भरलेल्या बाटल्या उजेडाच्या फळीसमोर धरायच्या, आत कचरा दिसला, काचेची कपची दिसली, की बाटली बाजूला. दिवसभर हेच. डोळ्याला सवयच अशी लागली, की चांगलं काय आहे ते दिसायचंच नाही, कचरा तेवढा दिसायचा. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की बायका म्हणायच्या, "हं, काढ आता बाटल्या." मग मी कालच्या पिक्चरमधला कचरा काढायला बसायचे.

एका पिक्चरमध्ये हिरो कामगार होता. तेलाचा एकच ठिपका गालावर, तोही तीट लावल्यासारखा नेमका. पाळी सुटली की गाणं म्हणत घरी. माझे वडील भोसरीला पत्रे दाबायच्या प्रेसवर होते. पाळी सुटली की भाकरीचा तुकडा मोडायला त्यांची बोटं वळत नसत. आणि त्या पिक्चरमधल्या मालकाची पोरगी ह्या कामगाराच्या प्रेमात का पडते? तर त्यानं तिच्या मोटारीचं चाक बदललं म्हणून. मी म्हटलं, आमच्या वडिलांनी साहेबाच्या मोटारीची चारही चाकं बदलली असती, तरी साहेबानं पाणी विचारलं नसतं.

जुन्या पिक्चरचं तर विचारूच नका. एक जुनापुराणा काळापांढरा पिक्चर तंबूवाला सारखा सारखा आणायचा, बहुतेक फुकट मिळत असावा. त्यात आमच्यातली एक पोरगी होती, गावाबाहेरची, म्हणून दाखवलेली. आमच्यातली बाई पिक्चरमध्ये आली की समजावं, ही मरणार. मरता मरता हिरोच्या पोराला पुरातून काढणार. मग हिरोच्या डोळ्यांत पाणी, गावाला शहाणपण, आणि विहिरीवर सगळ्यांना पाणी. अरे, मग तिला जिवंत ठेवून द्यायचं होतंत की पाणी! आमचं मरण म्हणजे ह्यांचा धडा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि शेजारी आई पदरानं डोळे पुसत असायची. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि निळ्या कोटातला फोटो होता. तो फोटो पिक्चरमधल्या एकाही घरात मी कधी बघितला नाही. श्रीमंताच्या घरी देव्हारा, गरिबाच्या घरी देव्हारा, डाकूच्या गुहेतसुद्धा देव्हारा.

पण माझा खरा राग थपडेवर होता. थप्पड नाही असा पिक्चर दाखवा. बाई जरा तोंड वर करून बोलली की हिरो तिच्या गालावर एक ठेवून देतो, मागून धाडकन वाजतं, तिचे केस तोंडावर येतात, आणि केस बाजूला करते तोवर तिला अक्कल आलेली असते. कधी कधी प्रेमही आलेलं असतं. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या. कनातीला आग लावावी असं वाटायचं. कारण माझ्या शेजारी त्याच पोत्यावर माझी थोरली बहीण बसलेली असायची, आणि तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

आक्काला चाकणच्या पलीकडच्या गावात दिली होती. दाजी पुण्याला सरकारी कचेरीत शिपाई. पांढरे कपडे, रविवारची सुट्टी, वर्षाला छत्री. वडिलांना वाटलं, पोरीनं नशीब काढलं. नशीब असं, की भाजीत मीठ कमी पडलं तर एक आणि जास्त पडलं तर दोन. कानाचं कसं झालं ते आक्कानं सांगितलं नाही. मी उजव्या बाजूनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "धाडकन वाजलं न्हाई काय. नुसतं शिट्टीवानी वाजाय लागलं, आन मग त्येबी थांबलं." आमच्या घरी आली ती पातळ आणि डबा घेऊन आली, आणि पंधरवडा झाला तरी जाण्याचं नाव काढीना.

आई तिला पाठवायला निघाली होती. आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. "नवऱ्यानं टाकली म्हनत्यात लोकं. तू त्याला टाकलं म्हनून कोन इस्वास ठिवनार?" वडील पाळीवरून येऊन बोटं गरम पाण्यात बुडवून बसत. आणि माझं काय चालणार? मला तोंड होतं, पण घरात तोंडाला किंमत नव्हती.

त्या दिवसांत तो पिक्चर आला. मराठी, सासरचा, रडायचा. शिकलेली सून, मास्तरीण, तिचा छळ. सासू ती, जी असते. नवरा तो, जो असतो. दिवाळीत पाहुण्यांच्या देखत तो तिला थप्पड मारतो. मी आपली दात-ओठ खात बसलेले, की आता हिला अक्कल येणार. पण त्या बाईनं केस बाजूला केले, आत गेली, पेटी भरली, आणि उंबरा ओलांडून निघाली. दार उघडंच टाकलं. मग नुसती तिची पावलं दिसतात, रस्त्यावरून चाललेली. वळून बघत नाही. आणि कमळ. समाप्त.

 माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला एका पिक्चरमध्ये काढायला कचरा सापडला नाही. बाया रडत होत्या, आई तर हमसून रडत होती. आक्का मात्र पोत्यावरून उठेना. त्या कमळाकडे बघत बसलेली.

"संपला?" तिनं विचारलं.

"संपला की."

"खरंच संपला?"

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी तिच्या उजव्या कानाशी ओरडले, "कमाळ दिसत न्हाई का तुला?"

तेव्हा ती हसायला लागली. एवढी हसली, एवढी हसली, की उचकी लागली. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. आईनं तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. मला वाईट वाटलं. मनात आलं, मार खाऊन खाऊन हिच्या डोक्यावर परिणाम झाला असणार.

पुढच्या पंधरवड्यात सासरची माणसं आली आणि विहारात बैठक बसली. विहार म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची पत्र्याची खोली. पुढं सतरंजीवर पुरुष, मागं भिंतीला टेकून बायका. मधे विहाराचे अध्यक्ष. रेल्वेच्या गँगमध्ये आयुष्य काढलेला पांढऱ्या मिशांचा म्हातारा, आणि पिक्चरचा एक नंबरचा शौकीन. गुरुवारी कनातीच्या पलीकडून पहिली शिट्टी त्यांची असायची. पाठवायची की नाही, हे त्यांच्या तोंडून निघेल ते खरं. घटस्फोट, कोर्ट, वकील हे आमच्या गल्लीत कुणाला परवडणारं नव्हतं. त्या खोलीत "जा" म्हटलं असतं तर आक्काला त्याच रात्रीच्या एसटीनं चाकणला जावं लागलं असतं.

आणि वारं तिकडंच वाहत होतं. दाजींचे चुलते बोलायला पक्के. "धर्म बदलला म्हंजी बायकांनी घरं सोडायची आसं न्हाई कुठं लिव्हलेलं," ते म्हणाले. दोनचार माना हलल्या. "चुकला आसंल पोरगा. हात उचलला आसंल. कोन उचलत न्हाई?" आणखी माना हलल्या. बायकांमधे आई मान खाली घालून बसली होती. मी उठून बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझं पातळ खाली खेचलं.

मग चुलत्यांनी दाखला दिला. पूर्वी असल्या बैठकीत पोथीतला दाखला द्यायचे, अमकी सती आणि तमकी पतिव्रता. पोथ्या आम्ही सोडल्या होत्या, बांधून नदीत दिल्या होत्या. पण सवय कुठं जाते? दाखला तर लागतोच. मग पिक्चरचा द्यायचा. अमक्या पिक्चरमध्ये भावानं भावाला वाटा दिला, तर तू का देत नाहीस, असं आमच्या बैठकीत सर्रास चालायचं, आणि लोक मानायचेही. चुलते म्हणाले, "आत्ता तो पिक्चर आल्ता. मास्तरनीचा. येवढी शिकल्याली बाई, तीबी रागारागानं गेली, आन शेवटी आलीच का न्हाई माघारी नवऱ्याच्या पायाशी?"

खोलीत गलका उठला. "आँ? कवा आली?" अध्यक्षांनी हातातली तपकिरीची डबी खाली ठेवली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मी सोता बघितलाय. ती उंबरा वलांडती, चालाय लागती, आन समाप्त."

"न्हाई हो, येती माघारी."

"आवो, आमी समद्यांनी बघितलाय! इचारा बायकांना."

मागून पन्नास बायका एकदम बोलल्या. "न्हाई आली! न्हाई आली ती!" त्यात माझा आवाज सगळ्यांत वर होता. पहिल्यांदाच मला कुणी खाली खेचलं नाही. आईसुद्धा बोलली, "पावलं दिसत्यात निस्ती, आन मग कमाळ." आमची खात्रीच तशी होती. मधली रिळं तुटतात हे माहीत होतं. पण 'समाप्त' असं छापून आलं होतं. आमच्या घरांत वाचता येणारी आमची पहिली पिढी, छापलेल्या अक्षरावर आम्ही शंका घेत नसू.

आता दाजी चवताळले. तोवर ते मान खाली घालून, गरीब गाईसारखे बसलेले. "खोटं बोलतायसा तुमी समदे!" ते अध्यक्षांवर ओरडले. "मी पुन्यात बघितलाय, रव्वारी. येती ती! पाय धरती! हिलाच इचारा. हिला मी संगं नेऊन दाखवलाय!"

सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. अध्यक्षांनी विचारलं, "पोरी, तू बघितलास का पुन्यात?"

आक्कानं उजवा कान पुढं केला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, निदान आम्हाला.

"व्हय, ह्यांनी दाखवला," आक्का म्हणाली. "न्हाई आली ती माघारी."

दाजी उठले ते थेट तिच्या अंगावर. दोन सतरंज्या तुडवत, चुलत्याच्या मांडीवर पाय देत, हात वर उचललेला. तथागताच्या मूर्तीसमोर, साऱ्या गल्लीच्या देखत. आक्का हललीसुद्धा नाही. तिनं फक्त मान वळवली, उजवा गाल आत घेतला आणि डावा पुढं केला. तो कान गेलेलाच होता. तिची ती मान वळवण्याची सवय बघून माझ्या वडिलांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तो परत कधी ऐकला नाही. हात खाली यायच्या आत वडिलांनी दाजींचं मनगट धरलं, त्या न वळणाऱ्या बोटांनी.

अध्यक्षांनी तपकिरीची डबी उचलून खिशात घातली. "आता पिक्चर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरगी जानार न्हाई. उठा पाव्हणं."

त्यानंतर आक्का कंपनीत माझ्याच खात्यात लागली. बाटल्यांना लेबलं लावायची. आयुष्य काही सिनेमासारखं उजळलं वगैरे नाही. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. नळावर एकीनं "टाकलेली" म्हटलं, तेव्हा मी तिच्या हंड्यात चूळ टाकली आणि त्यावरून वेगळी बैठक बसली. पण आक्का रात्री झोपायची, शांत. गुरुवारी आमच्यासोबत तंबूत यायची आणि शेंगा खायची. पिक्चरबद्दल मात्र मत द्यायची नाही. मी कचरा काढायला लागले की ऐकून घ्यायची, "आसंल," म्हणायची.

दाजींच्या एकाच गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग यायचा. मारकुटा होता, ते तर होतंच. पण अख्ख्या समाजासमोर, बुद्धापुढं बसून इतकं धडधडीत खोटं? साधा पिक्चरचा शेवट, शंभर माणसांनी बघितलेला, आणि ह्यानं तोंड वर करून सांगावं की ती परत येते? "उचलली जीभ, लावली टाळ्याला," मी कुणालाही सांगायचे. किती वर्षं सांगत होते.

मग तंबू उठला. तिथं गोदामं आली. वडिलांनी पिंपळे गुरवला दोन खोल्या बांधल्या, आणि ऐंशी सालच्या पुढंमागं कधीतरी आमच्या घरी टीव्ही आला. शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर. गल्लीतली निम्मी माणसं आमच्या घरात, उरलेली खिडकीत. अध्यक्ष आता फार थकले होते. त्यांना दापोडीहून नातू सायकलवर बसवून आणायचा, आणि पुढची खुर्ची त्यांची.

एका शनिवारी तोच पिक्चर लागला. मास्तरणीचा.

मी एवढी खूश झाले! घरी आलेल्या सगळ्यांना सांगितलं, गप्प बसून बघा, असा पिक्चर परत व्हायचा नाही. आई म्हणाली, "आपल्या आक्कीचा पिक्चर." थप्पड आली. बाईनं पेटी भरली, उंबरा ओलांडला, दार उघडं टाकलं. पावलं. मी समाधानानं उठले, चहा ठेवायला.

कमळ आलं नाही.

पावलं चालतच राहिली. एका झाडाखाली येऊन थांबली. तिथं कुणी म्हातारा एकतारी घेऊन बसलेला, तो गायला लागला, की वेलीला झाडाशिवाय आधार नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी. मी हातात पातेलं घेऊन उभी. तोवर घरी नवरा जिन्यावरून पडून आजारी पडलेला, सासू अंगाऱ्याची पुडी शोधतेय. बाई वळली. त्याच रस्त्यानं, तीच पावलं, उलटी. आली, पेटी ठेवली, आणि अंथरुणावर पडलेल्या नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि नवऱ्यानं काय करावं? नवऱ्यानं तिला माफ केलं. माफ केलं त्यानं तिला!

पातेलं माझ्या हातातून कसं सुटलं मला माहीत नाही. मी काय काय बोलले तेही सगळं आठवत नाही. ज्यानं हा पिक्चर काढला त्याच्या सात पिढ्या मी उद्धरल्या. एवढी चांगली बाई घडवलीस, दारातून बाहेर काढलीस, आणि मग तुझेच पाय लटपटले होय रे? त्या वेलीला आणि झाडाला काय करायचं ते कर, पण तिची पावलं का उलटी फिरवलीस? आणि बोलता बोलता मला ती पत्र्याची पेटी आठवली. स्टेशनकडे सुटलेली सायकल आठवली. गुरुवार, रात्रीची गाडी, आणि प्रत्येक पिक्चरच्या शेवटी तेच ते कमळ. तंबूवाला गाडी गाठण्यासाठी शेवटचं रीळ लावतच नव्हता. मारामारीचं रीळ कापलं असतं तर बाप्यांनी तंबू पेटवला असता, म्हणून त्यांच्या पिक्चरचं मधलं कापायचा. बायकांच्या पिक्चरचा शेवट कापला तर कोण विचारणार? कमळ दाखवलं, बाया उठल्या. इतकी वर्षं आम्हाला अर्ध्यावरून उठवून घरी लावून दिलं, आणि मी मूर्ख शुक्रवारी डबा उघडून त्यावर मतं देत होते! मला तंबूवाल्याचाही राग आला. पण तो राग तोंडातून निघेपर्यंत अध्यक्षांनी खुर्चीतून मान वळवली होती. ते टीव्हीकडे बघत नव्हते.

"पोरी," ते आक्काला म्हणाले, "म्हंजी तो खरं बोलत व्हता?"

 अध्यक्षांनी आयुष्यभर बैठकी चालवल्या होत्या. त्यांच्या हातून निघालेला निवाडा खोट्यावर उभा होता, आणि ते त्यांना वयाच्या त्या टोकाला येऊन कळत होतं. आईचा हात तोंडावर. मी आक्काकडे बघितलं, आणि ते पोत्यावरचं हसू, ती उचकी, "खरंच संपला?" हे सगळं मला आत्ता कुठं ऐकू आलं.

आक्का भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. तिनं उजवा कान पुढं केला नाही. नीट ऐकू आलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "रव्वारचा पुन्यातला ह्यो आसाच व्हता. येताना एसटीत मला म्हनलं, बघितलंस? जाती कुठं, माघारीच येती. मग हितं आल्यावर गुरवारी तंबूत बघितला."

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोनी बघितलं. मला तंबूतला आवडला."

 अध्यक्षांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली.

"मलाबी," ते म्हणाले.

आक्का उठली, मांडीवरची फोलपटं झटकली आणि टीव्हीचं बटण फिरवलं. ती बाई अजून नवऱ्याच्या पायाशीच होती.